तिसरा पडदा

सदरमध्ये, डेन्झिलच्या दुकानात शिरताना
मी हात आधी पँटला पुसले.
वार्निश नखात राहतंच.
सत्तावीस वर्षं कूलरच्या मोटरी भरतोय,
तांब्याची तार चिमटीत धरली की गेज सांगतो,
आणि भिंतीवर टांगलेल्या त्या सगळ्या
इतक्या स्वच्छ, की वाटलं कोणी म्हणेल,
भाऊ, रिपेरिंगवाल्यांचा दरवाजा मागून आहे.

"कोणासाठी? पोरासाठी?"
मी म्हटलं, हो.
मग म्हटलं, नाही.

डेन्झिलनं काही विचारलं नाही,
पायानं स्टूल पुढे सरकवलं.

पहिली निळी. बगलेत बटणांची पट्टी,
बास, ट्रेबल, आणि एक इवलीशी खिडकी,
सूर जुळला की तिच्यात हिरवा दिवा लागतो म्हणे.
दुसरी गव्हाळ. बटणं दोनच.
पाठीवर ओरखडा, त्याचे पाचशे कमी.
"दोन्ही लाइनवर वाजतात, बिनलाइनच्याही," तो म्हणाला.
मोटर बिनलाइनची फिरली असती
तर माझं घर कशावर चाललं असतं?

सुरातलं मला काही कळत नाही.
पण रोटर आणि स्टेटरमधली फट
ज्याला नुसत्या डोळ्यांनी दिसते,
त्याला तार लाकडापासून किती वर आहे
हे दिसायला वेळ लागत नाही.
"निळीची मान वाकली आहे," म्हटलं,
"दाबता दाबता बोटं सुजतील."
डेन्झिलनं चष्म्यावरून पाहिलं.
"नवीनच आहात ना तुम्ही?"

मग गव्हाळ मांडीवर ठेवून
त्यानं वायर खोचली, बॉक्स चालू केला,
आणि आला तो,
डीपीखाली उभं राहिलं की दाढेत उतरतो तो
घूंऽऽ
"अर्थिंग नाही तुमच्या बोर्डाला."
"बापाच्या काळापासून नाही," तो म्हणाला.

एप्रिल. दुपारचे दोन. बाहेर त्रेचाळीस.
आणि लाइन गेली.

बॉक्स मेला. पंखा हळूहळू विसरला.
दुकानाचा कूलर, शेजारच्या टेलरचा,
वरच्या मजल्यावरच्या दातांच्या दवाखान्याचा,
सगळ्या गल्लीचे एका दमात थांबले.
शेवटचं पाणी ताट्यांवरून टपटपलं, तेही थांबलं.
कानात खड्डा पडला.
जो आवाज मी कधी ऐकला नव्हता
कारण तो कधी थांबतच नव्हता,
तो कुठे गेला म्हणून
मी सगळ्यात जाड तार दाबली.
पहिला पडदा. नाही.
दुसरा. जवळ.
तिसरा,
आणि लाकूड माझ्या बरगड्यांना लागून
घुमायला लागलं.
तोच. केसभर खाली, पण तोच.
लाइन नाही, कॉइल नाही, कंडेन्सर नाही,
आणि चालू आहे!

"ते जी आहे," अंधारातून डेन्झिल.
मी म्हटलं, "काय जी?"
"सुराचं नाव. जी."
आम्ही नागपूरचे लोक,
हो जी, नाही जी, काहून जी,
जन्मभर वाक्याच्या शेपटाला तो सूर बांधत आलो
आणि मला एक्कावन्नाव्या वर्षी कळतंय.

बोटावर खाच पडली. मला वाटलं होतं
माझी बोटं तयार असतील;
घट्टे आहेत, पण भलत्याच जागी.

लाइन यायची मी वाट पाहिली नाही.
पैसे मोबाइलच्या उजेडात मोजले,
सीझनचे, ग्रीस लागलेले.
पिशवीचे आठशे वेगळे म्हणाला,
म्हणून स्कूटरच्या डिक्कीतली खसाची ताटी सोडवली,
गुंडाळली, सुतळीनं बांधली.
सिग्नलवर एक रिक्षावाला म्हणाला, "कूलर का बे?"
मी मान हलवली.

घरी शेवंतानं सुतळी कापली,
खसाचे काटे फुंकून काढले,
बाजारात टरबुजाला मारतात तशी टिचकी मारली.
"पोकळ हाय," म्हणाली.
मग पुन्हा मारली, जरा खाली, कान लावून.
"कितीले भेटली जी?"

मी दोन हजार कमी सांगितले.